कोणतं प्रोटीन कोणाला चिकटलंय? उत्तर वेळेतही दडलेलं असतं

पेशीत एकट्याने काम करणारी प्रोटीन तशी कमीच, बहुतेक सगळी एकमेकांना धरून काम करतात. आजारात नेमकं कुठे बिघडलं, औषध कुठे लागू पडेल, हे समजायचं तर कोण कोणाला चिकटलंय ते कळायलाच हवं. त्यासाठीची माझी सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे क्रॉसलिंकिंग मास स्पेक्ट्रोमेट्री. यात एक छोटा रेणू वापरतात, त्याची दोन्ही टोकं प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाला घट्ट पकडतात, म्हणजे शेजारी असलेली दोन प्रोटीन कायमची जोडली जातात, मग ट्रिप्सिन एन्झाइमने त्यांचे तुकडे म्हणजे पेप्टाइड करायचे आणि मशीनमध्ये त्यांचं वस्तुमान मोजायचं. जोडलेले तुकडे सापडले की समजायचं, या दोन जागा साधारण 3 नॅनोमीटरच्या आत होत्या.

खरी गोची पुढे आहे. मशीन नाव सांगत नाही, ते आपण कॉम्प्युटरवर शोधायचं. सुट्या पेप्टाइडसाठी 1 लाख उमेदवार असतील तर जोड्या होतात जवळपास 500 कोटी! एवढ्या गर्दीत निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या भरपूर निघतात. एकाच प्रोटीनच्या आतल्या जोडीला पर्याय मोजके, म्हणून ती त्यातल्या त्यात भरवशाची, पण दोन वेगळ्या प्रोटीनमधली जोडी, जी आपल्याला हवी असते, नेमकी तीच सगळ्यात संशयास्पद. गाळणी कडक लावली की खऱ्या जोड्याही फेकल्या जातात, आणि इतक्या मेहनतीने मिळवलेला डेटा असा वाया जाणं मला खरंच खटकतं.

आता गंमत बघा. मशीनमध्ये जायच्या आधी नमुना एका बारीक कॉलममधून जातो, पाण्यात रमणारे पेप्टाइड लवकर बाहेर येतात, पाणी टाळणारे उशिरा. ही वेळ नोंदलेली असतेच, पण ओळख पटवताना तिचा फारसा उपयोग होत नव्हता. 2021 मध्ये बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या युरी रापसिल्बर यांच्या टीमने एक्सआय-आरटी नावाचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, मांडलं, ते दोन्ही पेप्टाइड एकाच पद्धतीने वाचतं आणि ही जोडी कधी बाहेर पडायला हवी ते सांगतं. अंदाज आणि नोंद जुळली तर काठावरच्या जोडीला बळ मिळतं, फारच फरक पडला तर शंका घ्यायची. ई. कोलाय या जिवाणूच्या नमुन्यात यामुळे चुकीचं प्रमाण तेच ठेवून जास्त जोड्या हाती लागल्या. म्युनिकहून 2019 मध्ये आलेलं प्रोझिट असंच, फक्त ते सुट्या पेप्टाइडसाठी होतं आणि वेळेसोबत मशीनमध्ये पेप्टाइड फुटल्यावर कोणता तुकडा किती जोरात दिसेल याचाही अंदाज देतं.

मला यातलं सगळ्यात पटतं ते हे की इथे कॉम्प्युटर नवीन जोडी मनाने बनवत नाही, मोजलेल्या जोडीवर विश्वास किती ठेवायचा एवढंच तो सांगतो. चूक मोजायला मुद्दाम उलट्या क्रमाची खोटी प्रोटीन यादीत मिसळतात, ती किती जुळतात त्यावरून एकूण चुकांचा अंदाज येतो. आणि ज्या जोड्यांवर नेटवर्क शिकलं त्यांनाच त्याने मार्क द्यायचे नाहीत, ही शिस्त पाळावीच लागते.

प्रोटीनची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामच्या बाबतीत मात्र जरा जपून. त्याने वर्तवलेल्या रचनेत एखादी जोडी 3 नॅनोमीटरमध्ये बसत नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नये, कारण प्रोटीन पेशीत आकार बदलतं आणि कधी कधी ती न बसणारी जोडीच तो दुसरा आकार दाखवत असते.