ग्लासात पाणी चढतं ते नक्की कशामुळे?

बशीत थोडं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. ज्योत मिणमिणते, विझते आणि बशीतलं पाणी सरसर ग्लासात चढतं. बायझँटियमच्या फायलो या ग्रीक अभियंत्याने इसवी सनापूर्वीच नोंदवून ठेवलेला हा प्रयोग. त्याचं स्पष्टीकरण मात्र आजही बहुतेक वेळा चुकीचं दिलं जातं: हवेतला २१ टक्के ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. ऐकायला हे इतकं पटतं, की पडताळून बघावंसं कोणाला वाटत नाही.

तसं असतं तर ज्योत जळत असतानाच पाणी हळूहळू वर सरकलं असतं. नीट बघा, तेव्हा ते जवळपास जागचं हलत नाही. झपाट्याने चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. शिवाय ऑक्सिजन संपतच नाही. त्याचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांवर आलं, की मेणबत्ती विझते. जो वापरला जातो, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. वाफ थंड होऊन काचेवर धुरकट थर धरते, पण कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग आत जागा अडवून बसतो. म्हणजे ज्वलनामुळे आतली हवा घटते ती अगदी थोडी.

खरी करामत उष्णतेची. ग्लास ज्योतीवर उतरवताना त्यात तापून फुगलेली हवा भरते. काठाखालून काही बुडबुडे निसटतानाही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा निवते आणि तिचा दाब उतरतो. बाहेरची हवा तर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब देतच असते. तीच पाण्याला आत ढकलते. हवा ८७ अंश सेल्सिअसवरून २७ अंशांवर आली, तर तिचं आकारमान एक षष्ठांशाने कमी होतं. हा आकडा एक पंचमांशाच्या इतका जवळ आहे, की चुकीचं उत्तरही बरोबर भासतं!

मोठ्यांना सोबत घेऊन तीन मेणबत्त्या लावून बघा. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त वर जातं. आणि मेणबत्ती मुळीच नको असेल, तर ग्लास गरम (उकळत्या नव्हे) पाण्याने विसळून लगेच बशीतल्या गार पाण्यात उपडा ठेवा. काहीच जळलेलं नसतं, तरीही ग्लास निवेल तसं पाणी आत चढू लागतं.