पिवळा तेवढा ठेवायचा: ब्लॅक अँड व्हाइट फोटोतल्या एका रंगाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात तारळी नदीच्या काठी पाल आहे. पौषात तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा उधळला जातो. यात्रा झाली की एका विशिष्ट धाटणीचे फोटो हमखास दिसू लागतात. माणसं, देऊळ, आभाळ सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि हवेतली हळद तेवढी पिवळी. सांगलीच्या बाजारातल्या हळदीच्या ढिगांचेही असे फोटो निघतात. बघणाऱ्याला ही फोटोशॉपची करामत वाटते, पण ही रीत जवळपास फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. तिच्यातली खरी अडचणही तेव्हापासून तीच आहे: रंग किती खुलणार हे त्याच्या खालचा आणि शेजारचा करडा ठरवतो.

डगेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर छबी उमटवण्याची पद्धत जगापुढं आली १८३९ साली. लोकांना आपली हुबेहूब छबी मिळाली, पण चेहरे राखेसारखे दिसायचे. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वित्झर्लंडचे योहान बाप्टिस्ट इझेनरिंग डिंकाच्या आधारानं रंगाची पूड चांदीच्या पत्र्यावर बसवत होते. त्या काळच्या पुष्कळ छब्यांत फक्त गाल गुलाबी आणि दागिने सोनेरी असत, बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे निवडक रंग ही मागाहून सुचलेली कल्पना नव्हे.

पुढं काचेच्या प्लेटा आल्या आणि हळद-कुंकवाच्या प्रदेशात एक वेगळीच पंचाईत झाली. त्या प्लेटांना जवळजवळ फक्त निळा उजेड कळायचा. पिवळी वस्तू निळा उजेड गिळून टाकते. त्यामुळं डोळ्यांना झगझगीत दिसणारी हळद प्लेटवर गडद यायची आणि कुंकू तर काळंच. १८७३मध्ये हेर्मान फोगेल यांनी प्लेटच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा उजेड ‘दिसेल’ अशी सोय केली. लाल रंगासकट सगळं टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा लंडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीनं १९०६मध्ये विकायला काढल्या. त्याआधीच्या फोटोत हळदीवर पिवळा चढवायचा तर खालचा भाग आधीच काळपट. पारदर्शक रंगाची अडचण अशी की तो खालचा उजेड कमीच करतो, वाढवत कधीच नाही. काळ्यावर पारदर्शक पिवळा लावला तर काळाच राहतो.

यावर दोन उपाय होते. एक, निगेटिव्हवर त्या जागी पेन्सिलनं टचिंग करायचं. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. दुसरा, सरळ जाड, अपारदर्शक रंग लावायचा. भारतातल्या कारागिरांनी हा दुसरा मार्ग अनेकदा इतका मनापासून घेतला की खालचा फोटो जवळपास झाकला जायचा आणि हाती यायचं ते चित्रच. पारदर्शक तैलरंगांचं काम अधिक संयमाचं. त्याला मॅट कागद हवा, कारण ग्लॉसीवर रंग धरत नाही. प्रिंट आधी सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची करायची, कारण निळसर करड्यावर चेहऱ्याचा रंग मेलेला दिसतो आणि तपकिरीवर जिवंत. मग काडीला कापूस गुंडाळून रंग चोळायचा, कोरड्या कापसानं जादा पुसायचा आणि कुंकवासारखी बारीक जागा सगळ्यात शेवटी घ्यायची.

सिनेमातही हेच झालं. १९२५च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये जहाजावरचा झेंडा फिल्मच्या प्रतीवर हातानं लाल रंगवला होता. १९९३च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधला लहान मुलीचा लाल कोट तर आता या तंत्राची ओळखच झाला आहे.

आणि मग सगळी दिशा उलटली. आधी करड्यावर रंग चढवायचा होता, आता रंगीत फोटोतून बाकीचा रंग काढायचा. १९९०मध्ये फोटोशॉप आलं, १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे थर आले, १९९६च्या चौथ्या आवृत्तीत अॅडजस्टमेंट लेयर. मूळ फोटोला हात न लावता रंग झाकता-उघडता येऊ लागला तो तेव्हापासून. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये फक्त शालू लाल ठेवण्याची लाट त्याच सोयीवर आली. पुढं काही कॅमेऱ्यांनीच एक रंग राखायची सोय दिली आणि २०१८मध्ये गुगल फोटोजनं ‘कलर पॉप’ आणलं. पण ते माणूस ओळखून त्याला रंगीत ठेवतं. हवेतल्या भंडाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

भंडाऱ्याचा फोटो अवघड का, तर हळद आणि आपली कातडी रंगचक्रावर शेजारी-शेजारी बसतात. उन्हातल्या सावळ्या कातडीचा ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची जागा, साधारण १५ ते ३० अंश, हळदीचा ४५ ते ५०. नुसता ‘यलो’ राखला तर चेहरे काविळीसारखे दिसतात. गुलाल याच्या मानानं सोपा, तो गुलाबीकडं झुकतो आणि कातडीपासून लांब असतो.

म्हणून फोटोशॉपमध्ये फोटोवर ब्लॅक अँड व्हाइट अॅडजस्टमेंट लेयर घ्यावा. ‘डीसॅच्युरेट’ वापरू नये, कारण त्यात शुद्ध लाल, हिरवा, निळा आणि पिवळा सगळे एकाच करड्यात जातात. मोड ‘ग्रेस्केल’ तर मुळीच करू नये, रंगाची माहितीच पुसली जाते. लेयरमध्ये यलोचा आकडा मुळात ६० असतो, तो ८५ ते ९० करावा. हवेतली धूळ अर्धी पारदर्शक असते, त्यामुळं मास्कही (लेयर कुठं लागू व्हावा आणि कुठं नाही हे ठरवणारा पडदा) तिथं अर्धवट राहतो आणि पिवळा व करडा एकमेकांत मिसळतात. करडा हळदीइतकाच उजळ नसेल तर भंडाऱ्याच्या कडेला काजळी धरल्यासारखी रेघ येते. जुन्या प्लेटांचंच दुखणं हे, नव्या रूपात. यलो वाढवला की चेहरेही फिके होतात, तेव्हा रेडचा आकडा ४०वरून ३०च्या आसपास आणावा.

मग लेयर तात्पुरता लपवून, रंगावरून जागा निवडणाऱ्या कलर रेंजनं भंडाऱ्याच्या दाट आणि विरळ, दोन्ही जागी टिचकी मारून सिलेक्शन करावं, फझिनेस (जवळपासच्या छटा किती सामावून घ्यायच्या तो आकडा) ४०च्या आसपास. लेयर परत दाखवून त्याच्या मास्कवर ते सिलेक्शन काळ्यानं भरलं की हळद उघडी पडते. चेहऱ्यांवर चुकून उघडलेला रंग पांढऱ्या ब्रशनं झाकावा, फ्लो (ब्रशमधून रंग सुटण्याचं प्रमाण) २०–३० टक्के, फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून. पांढऱ्या धोतरावर आणि हनुवटीखाली पडलेली पिवळी झाक मात्र सगळी पुसू नये. ती थोडी, साधारण १५ टक्के, राहू द्यावी. नाहीतर भंडारा कात्रणासारखा वरून चिकटवल्यागत दिसतो.

कामाला मूळ फाइलच घ्यावी, शक्यतो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली. व्हॉट्सअपवरून आलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईनं साठवलेली असते, उभीही आणि आडवीही. रंगीत फोटोत ते कळत नाही. शेजारी निव्वळ करडा आला की पिवळ्याच्या कडा चौकटी-चौकटींनी पाझरलेल्या दिसतात. फेदर देऊन सिलेक्शनची कड कितीही मऊ केली तरी ते सुधारत नाही.

लॅबमध्ये हा फोटो रंगीत कागदावरच छापला जातो आणि तिथला करडा तीन रंग मिसळून होतो. मशीनचा तोल जरा ढळला तरी करड्यावर हिरवी किंवा जांभळट छटा येते आणि शेजारचा पिवळा मरतो. बारा बाय छत्तीस इंचांचं पान छापायला देण्याआधी त्याच फाइलमधला चार बाय सहाचा तुकडा काढून घ्यावा आणि तो दुकानातल्या ट्यूबखाली नव्हे, दारात येऊन उन्हाच्या उजेडात बघावा.