फाल्गुन-चैत्रातील पक्षिफेरी : मुंबईच्या निसर्गमंडळांमागचा इतिहास

फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरीपर्यंत मुंबई आणि उपनगरांतील निसर्गमंडळांचे रविवार सहसा रिकामे नसतात. पहाटेच्या लोकलने बोरिवलीला किंवा शिवडीला उतरायचे, ऊन चढण्यापूर्वी दोन-तीन तास हिंडायचे आणि पांगण्याआधी सर्वांनी मिळून दिसलेल्या पक्ष्यांची यादी पक्की करायची, अशी या फेऱ्यांची साधारण रीत आहे. या दिवसांत हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीला लागलेले असतात आणि स्थानिक पक्ष्यांच्या विणीची लगबगही सुरू झालेली असते, त्यामुळे एकाच सकाळी दोन ऋतूंचे पक्षी पाहायला मिळतात. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलले की भोरड्यांचे थवे, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर आणि कावळेसुद्धा मधासाठी तिथे जमतात. फुलात तोंड खुपसून बाहेर आलेल्या साळुंकीच्या कपाळावर परागांचा पट्टा उमटलेला दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. त्याच झाडाच्या एखाद्या वाळक्या फांदीवर तांबट नावाचा छोटा पक्षी चोच मिटूनच टुक्-टुक् करत असतो आणि प्रत्येक ठोक्याला त्याचा गळा फुगतो. हे दृश्य आज सहज मिळते, पण पक्षी जिवंत असताना आणि त्याच्या जागी पाहण्याची सवय शहराला लागायला बराच काळ जावा लागला.

या सवयीचा आरंभ शिकारीच्या छंदात आहे. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तेव्हा आपापल्या निरीक्षणांची आणि जमवलेल्या नमुन्यांची देवाणघेवाण करणे एवढाच तिचा माफक हेतू होता. त्या आठांत दोन भारतीय होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे एक, आणि भारतातील सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे वारंवार येतात. निसर्गाभ्यासाच्या संदर्भात मात्र ती क्वचितच घेतली जातात, हे खटकते. पुढे एच. एम. फिप्सन या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातली जागा संस्थेला दिली आणि 1886 मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून, कातडे भरून कपाटात ठेवायचा, हाच शास्त्रीय शिरस्ता होता. त्यातही संस्थापकांपैकी ई. एच. एटकन यांनी आपल्या अंगणात आणि रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या पक्ष्यांविषयी लिहिले, आणि 1900 मध्ये मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तकही निघाले. आजच्या मंडळांची वृत्ती पाहता त्यांचे नाते शिकाऱ्यांपेक्षा एटकन यांच्याशी अधिक जुळते, असे मला वाटते.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या आयुष्यात शिकार आणि निरीक्षण ही दोन्ही टोके एकत्र दिसतात. खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन तो सोसायटीत गेला आणि तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पण मंडळांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वळण 1930 चे आहे. जर्मनीतून शिकून परतल्यावर मुंबईत नोकरी न उरल्याने ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे सलग निरीक्षण केले. नर अर्धवट विणलेले घरटे दाखवतो, मादी ते पसंत करते आणि मग नर पुढच्या घरट्याच्या मागे लागतो, हा क्रम बंदुकीच्या नळीतून कधीच कळला नसता. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले आणि ज्याला कपाटातले नमुने पाहायला मिळत नव्हते अशा वाचकालाही पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले.

1959 पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतराचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू केला. त्या कड्यांवर मुंबईच्या संस्थेला कळवण्याची सूचना कोरलेली असे, त्यामुळे दूरदेशी सापडलेल्या पक्ष्याची खबर या शहरात येऊ लागली. वसंतात परत निघालेल्या मळगुज्या आणि तुतवार या पाणथळीतल्या पाहुण्या पक्ष्यांच्या प्रवासाचे कुतूहल हौशी मंडळींत रुजायला या कामाचा हातभार लागला, असे म्हणता येईल.

हौशी पक्षिनिरीक्षण संशोधकांच्या वर्तुळाबाहेर पडले ते नंतर. 1969 मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतीय शाखा मुंबईतच सुरू झाली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या हौसेवर कडक बंधने आली. दुर्बीण आणि नोंदवही घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी गावोगावची मंडळे एकमेकांना शोधू लागली. 1981 मध्ये लोणावळ्याला पहिले महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलन भरले. पक्ष्यांची मराठी नावे आणि त्यांच्याविषयीचे लोकज्ञान लिहून ठेवणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने या चळवळीला मराठी वाचक मिळवून दिला. त्यांच्या आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा 5 ते 12 नोव्हेंबर हा काळ महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

फिरण्याच्या जागांचाही आपापला इतिहास आहे. कर्नाळा 1968 मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि मुंबईकरांची एका दिवसाची नेहमीची सहल ठरली. माहीमला मिठी नदीकाठी कचऱ्याच्या डेपोवर उभे राहिलेले निसर्ग उद्यान 1994 मध्ये खुले झाले. ठाणे खाडीत फ्लेमिंगोंची संख्या गेल्या काही दशकांत फुगली. तेथे 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. शिवडीच्या ज्या चिखलपट्टीवर लोक ओहोटीची वेळ साधून फ्लेमिंगो पाहायला जमत, तिच्यावरूनच आता 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू जातो.

गेल्या दोन दशकांत मोजणीने या फेऱ्यांना नवे रूप दिले. 2005 मध्ये मुंबईत एका दिवसात अधिकाधिक जाती नोंदवण्याच्या पक्षी-शर्यतीला सुरुवात झाली, 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला, आणि 2013 पासून फेब्रुवारीतील जागतिक पक्षिगणनेत भारतीय निरीक्षकही उतरले. आता यादी मोबाइलवरून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर जाते आणि मे महिन्यात एका दिवसाच्या जागतिक मोजणीत तिची भर पडते. शर्यतीमुळे तरुण या छंदाकडे आले हे खरे. मात्र आकड्यामागे धावणाऱ्याला तांबटाची जोडी आळीपाळीने ढोली कोरताना पाहायला थांबण्याची उसंत राहत नाही. विणीच्या काळात ही धावपळ अधिकच गैरसोयीची ठरते. माणसाच्या सततच्या वावराने पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात आणि पाठीमागून कावळे अंडी टिपतात, म्हणून जबाबदार मंडळे घरट्याजवळ थांबू देत नाहीत, तेथे छायाचित्रे काढू देत नाहीत आणि घरट्याचा नेमका ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये असे फेरी निघण्यापूर्वीच बजावतात.