इशारा नेमका कोणासाठी?

हार्बर मार्गावर सीबीडी बेलापूरनंतरचं स्टेशन खारघर. मध्ये काही मिनिटांचंच अंतर, पण जिल्हा बदलतो: बेलापूर ठाण्यात, तर खारघर रायगडात. उलट ऐरोलीची खाडी आणि माळशेज घाटाखालचा मुरबाड तालुका हे दोन्ही ठाणे जिल्ह्यातच. म्हणजे ‘ठाणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट’ एवढंच कळलं, तर आपल्या डोक्यावर काय येणार याचा पुरता अंदाज येत नाही.

यावर तोड आहे ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’, थोडक्यात ‘कॅप’: धोक्याचे इशारे संगणकांना वाचता येतील अशा एकाच ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत. माहितीच्या देवाणघेवाणीची प्रमाणं ठरवणाऱ्या ओएसिस या संस्थेने 2004 मध्ये तो प्रमाण म्हणून स्वीकारला, 1.2 ही आवृत्ती 2010 ची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने उभारलेली ‘सचेत’ ही इशारे देणारी यंत्रणा याच पद्धतीवर चालते. स्वरूप खुलं असल्याने मोबाइल ॲप असो वा स्टेशनवरचा फलक, तोच संदेश कोणालाही वाचता येतो.

कॅपचा संदेश म्हणजे एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावणाऱ्या मजकुराच्या साच्यात, लिहिलेली छोटी फाइल. तातडी किती, तीव्रता किती आणि अंदाजाची खात्री किती, हे तिच्यात वेगवेगळं नोंदवतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यातला बहुभुज. अक्षांश-रेखांशांच्या जोड्या ओळीने लिहायच्या, शेवटची जोडी पहिलीचीच, की नकाशावर कुंपण तयार! तुमचा फोन आत आहे का बाहेर, हे ठरवण्याची एक रीत फार सुंदर आहे. फोनच्या जागेपासून एका दिशेला सरळ रेघ ओढायची आणि ती कुंपणाला किती वेळा छेदते ते मोजायचं. विषम आकडा आला तर आत, सम किंवा शून्य आला तर बाहेर. या गणिताला जिल्ह्याची हद्द लागतच नाही.

इशारा कधी संपतो, तेही फाइलीत असतं. सुधारणा झाली किंवा इशारा मागे घेतला, तर नवा संदेश जुन्याचा क्रमांक सांगतो आणि ॲप जुना काढून टाकू शकतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटला हे जमत नाही. कालचा रेड अलर्ट आज पुन्हा येतो, लोक घाबरतात, आणि खरा आला की ‘नेहमीचंच’ म्हणून सोडून देतात. म्हणून इशारा आधी डेटा म्हणून निघावा, चित्र त्यावरून बनावं. आणि जिथे शक्य आहे तिथे अख्ख्या जिल्ह्याऐवजी कुंपण आखून द्यावं. बेलापूर-खारघरच्या रहिवाशांना त्याची फार गरज आहे.