उंदरांतील तांबड्या रक्तपेशींविरुद्धची स्वप्रतिपिंडे

स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशींना चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) काही उंदरांच्या शरीरात तयार होतात व त्यांमुळे रक्तविलयजन्य पांडुरोग, म्हणजे तांबड्या पेशी नष्ट झाल्याने होणारा रक्तक्षय, होतो. या विकाराचा अभ्यास प्रामुख्याने न्यूझीलंड ब्लॅक या काळ्या रंगाच्या वाणावर झाला. हा वाण मारियान बील्शॉव्स्की यांनी न्यूझीलंडमधील डनीडन येथे पैदास करून सिद्ध केला होता, आणि त्यातील उंदरांना आपोआप पांडुरोग होतो हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये नोंदवले.

प्रतिपिंडे ओळखण्यासाठी कूम्ब्स चाचणी वापरतात. उंदराच्या रक्तपेशी खारट द्रावणात अनेकदा धुऊन त्यांवर उंदराच्या प्रतिपिंडांविरुद्धचा रक्तरस टाकला की, पेशींवर प्रतिपिंडे बसलेली असल्यास त्यांच्या गुठळ्या होतात. न्यूझीलंड ब्लॅक उंदरांत ही चाचणी वयाच्या काही महिन्यांनंतर होकारार्थी येऊ लागते व वर्षाच्या आत बहुतेकांत होकारार्थी ठरते. प्रत्यक्ष पांडुरोग मात्र त्यानंतर, हळूहळू दिसू लागतो.

या प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य म्हणजे पेशीपटलातील बँड 3 हे प्रथिन होय. एरवी ते क्लोराइड व बायकार्बोनेट यांची अदलाबदल करते. या प्रथिनाच्या 861 ते 874 क्रमांकांच्या ॲमिनो आम्लांचा तुकडा साहाय्यक टी पेशी या प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशी विशेषत्वाने ओळखतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना त्यासाठी चालना देतात. मात्र हे प्रथिनच दोषाचे मूळ मानणे घाईचे ठरेल, कारण बँड 3 नसलेले न्यूझीलंड ब्लॅक उंदीर तयार केले असता त्यांच्यातही रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. त्यांचा रोख आता ग्लायकोफोरिन या दुसऱ्या प्रथिनाकडे वळला होता. म्हणजे मूळ बिघाड सहिष्णुतेत, अर्थात स्वतःच्या पेशींवर हल्ला न करण्याच्या प्रतिकारयंत्रणेच्या क्षमतेत, असून लक्ष्य त्यामानाने दुय्यम आहे.

सहिष्णुता कुठे ढासळते, याचे सर्वांत बोलके उत्तर 1992 मध्ये जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी न्यूझीलंड ब्लॅक उंदराच्या रक्तपेशीविरोधी प्रतिपिंडाची जनुके निरोगी वाणाच्या उंदरांत घातली. रक्ताच्या संपर्कात येणाऱ्या बहुतेक स्वविरोधी बी पेशी नष्ट झाल्या, परंतु उदरपोकळीतील बी-1 पेशी (बी पेशींचा एक उपप्रकार) मात्र टिकल्या, कारण तेथे तांबड्या पेशी सहसा पोचतच नाहीत. काही उंदीर निरोगी राहिले, तर काहींना तीव्र पांडुरोग झाला. उदरपोकळीत तांबड्या पेशी टोचल्यावर या बी-1 पेशीही मेल्या. पुढे असेही दिसले की जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या अशा उंदरांत रोग प्रकट होत नाही, तर जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडने या पेशी उत्तेजित होतात. स्वविरोधी पेशी असणे आणि त्या कार्यरत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

निरोगी वाणातही हा प्रकार घडवता येतो. प्लेफेअर व मार्शल-क्लार्क यांनी 1973 मध्ये दाखवल्याप्रमाणे, घुशीच्या जवळच्या नात्यातील प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्याच्या तांबड्या पेशी उंदरांना वारंवार टोचल्यास त्यांच्या स्वतःच्या पेशींवरही प्रतिपिंडे बसतात. त्याआधी प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी काढून टाकल्यास हा प्रतिसाद अधिक जोरकस होतो.

प्रतिपिंडे बसलेल्या पेशी प्लीहा व यकृत यांतील महाभक्षी पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनांद्वारे पकडून गिळतात. विनाशाची तीव्रता प्रतिपिंडाच्या उपप्रकारावर बरीच अवलंबून असते. आयजीजी-2ए हा उपप्रकार त्यांत विशेष घातक मानला जातो.