कॉम्बिनेशन गनची डबल रायफल करायचीय? आधी परवान्याचं बघा

घरात आजोबांच्या काळातली कॉम्बिनेशन गन असते, म्हणजे एक नळी १२ बोअरची छर्‍याची आणि दुसरी रायफलची, आणि मग कुणीतरी सुचवतं की छर्‍याची नळी काढून तिथेपण रायफलचीच बसवा, झाली डबल रायफल. ऑस्ट्रियातल्या फेरलाख या बंदुका बनवणाऱ्या गावात असली कामं होतात, पण आपल्याकडे गन कारागिराच्या हातात द्यायच्या आधी सरकारी परवानगी लागते आणि हे बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ६ मध्ये परवाना घेऊनच करायच्या कामांत आधी फक्त नळी कापून आखूड करणं आणि नकली हत्याराचं खरं करणं एवढंच होतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एका कॅटेगरीचं हत्यार दुसऱ्या कॅटेगरीत बदलणं पण आलं. स्मूथबोअर गन (आतून गुळगुळीत नळीची, म्हणजे छर्‍याची) आणि रायफल या आर्म्स रूल्स २०१६ च्या शेड्यूलमध्ये वेगळ्या नोंदी आहेत, म्हणून "फक्त नळी तर बदलतोय" म्हणून स्वतःची समजूत काढू नका, लेखी विचारा. परवानगीशिवाय केलं तर शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबई पुणे नागपूरसारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण पाहिजे, आणि गन आधी तुमच्या स्वतःच्या परवान्यावर हवी. आजोबांच्या नावावर असेल तर पहिलं काम वारसाचं. परवानाधारक वारले असतील, किंवा हयात असून ७० वर्षांचे झाले असतील, किंवा गन २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर वारसाला परवाना मिळू शकतो. पण एका माणसाकडे दोनच हत्यारं, वारशातलं धरून.

हत्यार बाळगायच्या परवान्यासाठी फॉर्म ए-१, पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, आधार, फॉर्म एस-३ मधलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, एस-१ चं ट्रेनिंग सर्टिफिकेट, हत्यार घरात सुरक्षित कुठे ठेवणार ते. वारसा असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर. मग पोलीस स्टेशनचा रिपोर्ट.

खरी अडचण "कारण काय" इथे येते. कलम १३ प्रमाणे २० इंच किंवा जास्त नळीची स्मूथबोअर गन संरक्षणाला किंवा खेळाला मागितली तर कायदा अर्जदाराच्या बाजूने झुकतो, पण रायफलला आणि कलम ६ च्या परवान्याला सबळ कारण दाखवावं लागतं. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, त्यामुळे "शिकारीसाठी" लिहिलंत की विषय संपला. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, अपील त्यावरच उभं राहतं.

कारागिराचा परवाना स्वतः वाचून बघा. कलम ५ मध्ये रिपेअर आणि कन्व्हर्ट हे वेगळे शब्द आहेत, दुकानदाराकडे नुसता रिपेअरचा असेल तर त्याने हे काम घ्यायचंच नाही. नवी नळीपण कायद्याने हत्यारातच धरतात, बाहेरून मागवायची तर कलम १० चा आयातीचा परवाना वेगळा. आणि जुन्या नळीवरचा मेकरचा शिक्का, नंबर घासायचा नाही, कलम ८ ने तो गुन्हा आहे. काम झाल्यावर परवान्यावर नवा प्रकार, बोअर आणि नंबर चढवून घ्या, नाहीतर काडतूसच मिळणार नाही. बोअर ठरवतानाच हे बघा, पॉइंट ३१५ आणि पॉइंट ३०-०६ इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात, जर्मन जुन्या बोअरचं काडतूस शोधत फिरावं लागतं. पॉइंट ३०३ तर प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेला, तिकडे जाऊच नका.

माझं मत विचाराल तर जुनी गन कापू नका, एकदा कापली की मूळ वस्तू परत येत नाही. रायफलच हवी असेल तर ही गन परवानाधारकाला विका, जिल्हाधिकारी किंवा पोलीस स्टेशनला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, आणि रायफलसाठी वेगळा अर्ज करा.