बेकारी भत्त्याचा खोटा दावा : भत्त्याआधी आलेली शिक्षा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ मिळाला, म्हणजे काम थांबवलं गेलं, की ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) बेकारी भत्त्याची विचारपूस सुरू होते. दावा खोटा निघाला तर काय, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण या शिक्षेची तरतूद भत्त्यापेक्षा ५७ वर्षांनी जुनी आहे.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात होता, बेकारी नव्हती. तरीही लाभ मिळवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं कलम ८४ ने गुन्हा ठरवलं. शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९८९ च्या दुरुस्तीने ती सहा महिने आणि २,००० रुपयांपर्यंत नेली. दोषी ठरलेल्याचे रोख लाभ काही काळ बंद ठेवण्याची तरतूदही तेव्हाच आली : या कायद्याच्या केंद्रीय नियमांतल्या नियम ६२ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने, पुढे प्रत्येक वेळी सहा.

बेकारी भत्ता आला १ एप्रिल २००५ ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. पाच वर्षं वर्गणी भरलेल्याला कारखाना बंद पडल्यास किंवा कामगारकपात झाल्यास सहा महिने भत्ता. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली : सरासरी कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. मार्च २०२० पासून दर तात्पुरता ५० टक्के झाला. महिना १५,००० पगार असेल तर दोन वर्षांचे ३,६०,००० भागिले ७३० दिवस, म्हणजे रोजचे सुमारे ४९३. त्याच्या निम्मे ९० दिवस, म्हणजे सुमारे २२,२०० रुपये.

या योजनेने नवं शिक्षेचं कलम केलं नाही, जुन्याचाच आधार घेतला. कलम ८४ खाली शिक्षा झालेला या भत्त्याला अपात्र ठरतो.

गोंधळ होतो तो वसुली आणि शिक्षा एकच समजल्याने. १९४८ च्या कायद्याच्या कलम ७० प्रमाणे हक्क नसताना घेतलेली रक्कम परत करावीच लागे. चूक नकळत झाली, हा बचाव तिथे चालत नसे. घेणारा वारला तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसुली होई. कैद-दंडासाठी मात्र ‘जाणूनबुजून’ सिद्ध व्हावं लागे. आणि कलम ८४ फक्त कामगारापुरतं नव्हतं. ते ‘जो कोणी’ला लागू होतं, म्हणजे खोटा दाखला देणारा ठेकेदारही त्यात येई. एवढी एक गोष्ट तरी प्रत्येक कामगाराला माहीत असावी.

दावे फसतात ते दोन ठिकाणी. सातपूरचं काम सुटलं, भत्ता सुरू असतानाच अंबडला दुसऱ्या ठेकेदाराकडे हजेरी लागली. विमा क्रमांक तोच, आणि त्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणजे नोंद तिथेच दिसते. नवं काम लागलं त्या दिवसापासून भत्ता थांबतो, म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयाला तारीख लेखी कळवून पोच घ्यावी.

दुसरं जास्त दुखरं. कामगाराची सही कोऱ्या कागदावर आधीच घेतलेली असते, पुढे त्याचाच राजीनामा होतो. स्वतःहून काम सोडणाऱ्याला भत्ता नाही, म्हणून अर्जात नुसतं ‘कपात’ लिहिलं जातं आणि कागद जुळत नाहीत. अशा वेळी सही कशी घेतली ते अर्जासोबत लेखी द्यावं, कामगार उपायुक्त कार्यालयात केलेल्या तक्रारीची पोच जोडावी. खरी हकीकत कागदावर असली, तर ‘जाणूनबुजून खोटं’ हा आरोप टिकणं अवघड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. वरची कलमं जुन्या कायद्यातली आहेत, म्हणून दाव्याचा काळ त्याआधीचा की नंतरचा, हे आता नोटिशीच्या पहिल्याच ओळीत पाहावं.